वचनाच्या आगेमागे

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपत आली की बऱ्याच मंडळ्यांमध्ये एक ताट फिरतं. ताटात रंगीत कार्डांचा ढीग, प्रत्येक कार्डावर शास्त्रातलं एक वचन. पाळकसाहेब प्रार्थना करतात, जो तो डोळे मिटून एक कार्ड उचलतो आणि तेच त्याचं वर्षाचं वचन ठरतं. मग बाहेर मांडवात केक आणि चहा घेताना "तुला काय आलं?" सुरू होतं. कुणाचा चेहरा बढती मिळाल्यासारखा फुललेला असतो. एखादी काकू हळूच नातवाचं कार्ड मागून घेते, कारण तिच्या कार्डावर पश्चात्तापाचं काहीतरी निघालेलं असतं आणि तिला आरोग्याचं हवं असतं.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत ते कार्ड बायबलात लाइटबिलाच्या शेजारी जाऊन बसतं, नाहीतर फ्रिजच्या दारावर पिवळं पडायला लागतं. दरम्यान रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या चित्रासकट नवं वचन येतच असतं. आपण जोडलेल्या हातांची खूण पाठवतो आणि भाजी चिरायला घेतो. या प्रथांची मी चेष्टा करत नाही. अडचणीच्या दिवसांत एकाच ओळीला धरून तगलेली माणसं मी पाहिली आहेत. पण रोजचे दिवस नुसत्या सुट्या वचनांवर काढायचे म्हणजे उपाशीपोटी चहावर चहा पीत राहायचं. तरतरी येते आणि तासाभरात पोटात पुन्हा खड्डा पडतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, की एखादं वचन आवडलं तर त्याच्या आगेमागे वाचा. तो अध्याय उघडा, जमलं तर आदलासुद्धा. शास्त्रातला धीर बहुतेक वेळा तिथे असतो.

सगळ्यात लाडकं कार्ड घेऊ, यिर्मया २९:११. देवाच्या मनात आपल्या हिताचे बेत आहेत आणि पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. मुलाखतीला निघालेल्या मुलाला आई हेच वचन देते, नव्या दुकानाच्या पाटीखाली हेच असतं. मुळात हा मजकूर एका पत्रातला आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतलं आणि तिथल्या राजासकट अधिकारी, कारागीर, लोहार अशा हजारो लोकांना कैद करून नेलं. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्या लोकांना हे पत्र पाठवलं. अकराव्या वचनाच्या आधी दहावं आहे, आणि त्यात सांगितलंय की परतायला सत्तर वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकायला जमलेल्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती.

आता अठ्ठाविसावा अध्याय बघा. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. मंदिरात, याजकांच्या आणि लोकांच्या समोर त्याने जाहीर केलं होतं की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, नेलेली माणसं आणि मंदिराची भांडी परत येतील. यिर्मया त्या दिवसांत मानेवर जू घेऊन फिरत होता, हे दास्य इतक्यात सुटणार नाही हे लोकांना दिसावं म्हणून. हनन्याने ते जू त्याच्या मानेवरून काढलं आणि सगळ्यांदेखत मोडलं. गंमत म्हणजे यिर्मयाने आधी त्याला विरोध केला नाही. तुझं म्हणणं खरं होवो, असंच तो म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं. पण खरं काय ते त्याला माहीत होतं.

हनन्याही धीरच देत होता, हे विसरून चालणार नाही. त्याचा धीर ऐकायला गोड होता, मुदतही आटोपशीर होती. आजही मैदानावरच्या सभांत चाळीस दिवसांत अडलेलं दार उघडून देणारे हनन्या भेटतात, आणि एकेचाळिसाव्या दिवशी दार बंदच असलं की दोष ऐकणाऱ्याच्या विश्वासावर टाकला जातो. यिर्मयाचा धीर आधी मुदत खरी सांगतो. मग त्या मुदतीत करायचं काय, हे सांगतो. घरं बांधायची, बागा लावायच्या, पोरांची लग्नं करायची, आणि ज्या शहराने कैदेत ठेवलं त्याच्यासाठीसुद्धा प्रार्थना करायची. कार्डावर हे कधी छापलेलं मी पाहिलेलं नाही.

श्रीरामपूरहून किंवा जालन्याहून चाकणच्या एमआयडीसीत आलेला, कंत्राटावर काम करणारा मुलगा घ्या. चौघांत एक खोली, गादी गुंडाळून कोपऱ्यात, भिंतीला एकही खिळा नाही. "कायम झालो की मग बघू" म्हणत तो सगळं पुढे ढकलत असतो: जवळच्या मंडळीत जाणं, दाढ दाखवणं, गॅस घेणं, शेजारच्यांशी बोलणं. रविवारी दुपारी तो मोबाइलवर वचनांचे व्हिडिओ बघतो आणि संध्याकाळी आणखीच उदास होतो. त्याला एकोणतिसावा अध्याय अख्खा वाचायला द्यावा. अकराव्या वचनाच्या आधी त्याला घर मांडायला सांगितलेलं दिसेल. लग्न लांबलेल्या मुलीलाही हेच, आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सहा महिने घरात बसलेल्या काकांनाही हेच. दिवस अडकलेले आहेत खरे, पण ते आपलेच दिवस आहेत.

हे एकदा कळलं की बाकीची ओळखीची वचनंही वेगळी दिसू लागतात. मला सगळं काही शक्य आहे, अशा अर्थाचं पौलाचं वचन परीक्षेच्या टेबलावर आणि व्यायामशाळेत लावलेलं असतं. फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला की कळतं, पौल कैदेत आहे, मंडळीने पाठवलेल्या मदतीबद्दल आभार मानतो आहे, आणि भरल्या पोटी कसं राहायचं आणि रिकाम्या पोटी कसं राहायचं हे दोन्ही आपण शिकलो असं सांगतो आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला तो मंडळीतल्या दोन स्त्रियांना एकमेकींशी जुळवून घ्यायची विनवणी करतो. आनंदाचं पत्र म्हणून जे ओळखलं जातं, त्यातही भांडण आहे, आजारपण आहे, पैशाची गोष्ट आहे. देवाची दया रोज सकाळी नवी असते हे वचन तर आपण वाढदिवसाच्या कार्डावर घालतो. ते विलापगीतातलं आहे. उद्ध्वस्त यरुशलेमवर रडणाऱ्या पाच गीतांपैकी तिसऱ्याच्या मध्यावर ते येतं, आणि त्यानंतर रडणं पुन्हा सुरू होतं.

रडण्याचा विषय निघालाच आहे तर स्तोत्रसंहितेकडे वळू, कारण रोजच्या जगण्यासाठी बायबलात याहून उपयोगी पुस्तक मला माहीत नाही. स्तोत्रं १५० आहेत आणि आपल्या तोंडी असतात पाच-सहा: अंत्यविधीला २३, प्रवासाला १२१, घरात आजारपण आलं की ९१, मन खाऊ लागलं की ५१. बाकीची उघडली की माणूस दचकतो. जवळपास एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. देवा, झोपलास का? माझ्याकडे पाठ का फिरवलीस? असे थेट सवाल आहेत. चर्चमध्ये आपण इस्त्रीचे कपडे घालून जी प्रार्थना करतो, तिच्यात हे सवाल कुठेच नसतात.

सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करा. सहा वचनं आहेत, वाचायला मिनिटभर लागतं. पहिल्या दोन वचनांत, हे आणखी किती दिवस चालायचं, असा प्रश्न चार वेळा येतो. रात्री सगळे झोपल्यावर ते मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नको. दोन वचनं झाली की थांबा आणि आपला प्रश्न तिथे घाला. मोघम बोलू नका. "प्रभू, आमच्या अडचणी दूर कर" यात कुणालाच काही कळत नाही, आपल्याला स्वतःलाही नाही. हप्ता बारा तारखेला आहे आणि खात्यात चार हजार आहेत. थोरला सहा महिने फोन उचलत नाही. गाठीचा रिपोर्ट मंगळवारी येणार आहे. असं नाव घेऊन, तारीख घेऊन बोला. मग पुढची दोन वचनं, मागण्याची. शेवटच्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता एकदम भरवशावर येतो. तुम्हाला तिथवर जाता आलं तर जा. नाही जमलं तर चौथ्या वचनावर पुस्तक मिटून झोपा आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. ओठांवर खोटा भरवसा आणण्यापेक्षा हे बरं.

ज्यांना हेही जमत नाही, त्यांच्यासाठी ८८वं स्तोत्र आहे. हेमान एज्राही याच्या नावावर ते दिलेलं आहे. रात्रंदिवस हाका मारल्या, उत्तर नाही, मित्र दुरावले, आणि स्तोत्र संपतं ते अंधारापाशी. त्यात वळण नाही. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली, त्यांनी हे गाळलं नाही आणि शेवटी उजेडाचं एखादं कडवंही जोडलं नाही. सगळ्यांनी मिळून म्हणायच्या पुस्तकात त्याला जागा दिली. विश्वास असेल तर रडू नये, असं सांगणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतंच. त्यांच्याशी वाद घालायची गरज नाही, ८८वं स्तोत्र आपल्याला ठाऊक असलं की पुरे. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आले तेही बाविसाव्या स्तोत्राचे सुरुवातीचे शब्द, टाकून दिलं गेल्याचे. ४२ आणि ४३ ही स्तोत्रं मात्र सलग वाचा. त्यांत स्तोत्रकर्ता आपल्याच जिवाची समजूत घालतो, आणि त्याच शब्दांत तीनदा घालतो. एकदा सांगून मन ऐकत नाही हे त्यालाही माहीत होतं.

आमच्या महिला मंडळात एक तक्रार वरचेवर ऐकू येते: "ताई, वचन वाचते, प्रार्थना करते, पण मन लागत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?" मी आधी विचारते, रात्री किती वाजता झोपलात आणि सकाळी काय खाल्लंत. उत्तर ठरलेलं असतं. सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर उभ्याउभ्याच रात्रीची पोळी चहात बुडवून खाल्लेली असते. हे विचारायला मी एलीयाच्या गोष्टीतून शिकले.

ती गोष्ट १ राजे, अध्याय १९ मध्ये आहे. कर्मेल डोंगरावर बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांपुढे हा माणूस एकटा उभा राहिला आणि जिंकला. वर्षानुवर्षांच्या अवर्षणानंतर पाऊसही आला. असं मोठं काम पार पडल्यावर, उंचावर असताना, ईजबेल राणीचा निरोप आला की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. एलीया पळाला. चाकराला वाटेत ठेवलं, एक दिवसाची वाट रानात एकटा चालून गेला, एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागितलं. मुलीचं लग्न पार पडल्यावर, मंडळीचा वार्षिक मेळावा आटोपल्यावर, दहावीचा निकाल चांगला लागल्यावरसुद्धा काही जण असे कोसळतात. आता काय कमी आहे, म्हणून घरच्यांना ते कळत नाही.

दूत आला तेव्हा त्याने काय केलं ते बारकाईने वाचा. उपदेश केला नाही. कर्मेलवरचे उपकार आठव, असंही म्हणाला नाही. एलीया झोपला होता. त्याला हलवून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीयाने खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा आडवा झाला. दूताने झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवलं तेव्हाही जेवायलाच, कारण पुढची वाट लांबची होती. त्या जेवणाच्या बळावर तो चाळीस दिवस चालत होरेब डोंगरापर्यंत गेला. देव त्याच्याशी बोलला तो तिथे, आणि आधी विचारलं की तू इथे काय करतोस. एलीयाने आपलं गाऱ्हाणं सांगितलं: मी एकटाच उरलोय आणि ते माझा जीव घ्यायला टपलेत. वादळ, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरचा तो मंद आवाज, हे सगळं झाल्यावरही देवाने तेच विचारलं आणि एलीयाने तेच गाऱ्हाणं जवळजवळ शब्दशः पुन्हा सांगितलं. म्हणजे अशा दर्शनानेही त्याचं मन लगेच पालटलं नाही. मग देवाने त्याला तीन कामं दिली, त्यांतलं एक म्हणजे अलीशाला सोबतीला घेणं, आणि एक आकडा सांगितला: बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत. तू एकटा नाहीस.

खाणं, झोप, बोलू देणं, मग काम आणि सोबत, हा क्रम शास्त्रातलाच आहे. म्हणून सलग दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगू नये असं मनात येत असेल, तर डॉक्टरकडे जा. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव घ्यायला लाजू नका. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास, असं कुणी म्हणालं तर त्याला निखाऱ्यावरची ती भाकर दाखवा.

रोजच्या वाचनाचं काय करायचं, हे विचारणारे पुष्कळ. माझं मत थोडं चावट वाटेल, पण १ जानेवारीला उत्पत्तीपासून वर्षभराचं पारायण सुरू करू नका. फेब्रुवारीत लेवीयपाशी गाडी अडकते, कातडीच्या रोगांच्या नियमांत आपण हरवतो आणि वर्षभर अपराधी वाटत राहतं. मार्कापासून सुरू करा. सोळा अध्यायांचं, चारही शुभवर्तमानांत सर्वांत छोटं पुस्तक. त्यानंतर रूथ, चारच अध्याय: दुष्काळ, स्थलांतर, घरातले तीन पुरुष गेलेले आणि सासू-सुना मागे उरलेल्या. आपल्याला ते घर समजावून सांगावं लागत नाही. मग फिलिप्पैकरांस, तेही चार अध्याय. आणि रोज एक स्तोत्र. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना एका दिवसापुरताच गोळा करायचा होता, शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा अपवाद सोडला तर साठवलेल्यात किडे पडत. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती रोजची. रविवारी पाच अध्याय वाचून आठवडा भागवता येत नाही, हे मला पटलेलं आहे.

वाचायचं कुठलं बायबल? बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' बहुतेक घरांत असतं आणि उपासनेत तेच वाचलं जातं, म्हणून कान त्याला सरावलेले असतात. त्यातली भाषा अडली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' शेजारी ठेवा. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते तेच फादर. वसईचा माणूस, मराठी ओघवती आणि टिपाही मदतीच्या. मोबाइलवर मराठी बायबल ऐकायलाही मिळतं. पोळ्या लाटताना मार्काचा एक अध्याय सहज होतो. मात्र शोकेसमधलं, प्लास्टिकचं कव्हर घातलेलं मोठं बायबल खाली काढा आणि जेवणाच्या टेबलावर ठेवा. त्यावर हळदीचा डाग पडला तर पडू द्या.

आणि मोठ्याने वाचा. पोथी ऐकायची सवय आपल्या मातीत आहे आणि मराठी ख्रिस्ती माणसाने ती कधीच सोडली नव्हती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघालं. सुमारे अकरा हजार ओव्यांत सगळी बायबलकथा, मोठ्याने वाचायची आणि ऐकायची. नारायण वामन टिळकांनी भजनं आणि अभंग लिहिले ते टाळ-मृदंगावर म्हणता यावेत असे. नगरकडच्या खेड्यांत अक्षरओळख नसलेल्या कित्येक आज्या शुभवर्तमान शिकल्या त्या भजनातून आणि कीर्तनातून. ज्या दिवशी वाचायला बसवत नाही, त्या दिवशी भांडी घासताना एक भजन म्हणा, तेवढीही उपासना होते. एखाद्या शनिवारी दोन-तीन कुटुंबं एकत्र बसून मार्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत आळीपाळीने मोठ्याने वाचून बघा. दीड-दोन तासांत होतं. मुलं मध्येच उठून जातील, परत येतील. चालायचंच.

इथे एक अडचण नेहमी येते. घरात एकाला याची ओढ असते आणि दुसऱ्याला नसते. नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो किंवा बायको म्हणते, तुमचं झालं की सांगा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षं कशी गेली, ते लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांची ताटातूट आणि जिवाची घालमेल त्यात आहे, आणि तरीही पानापानावर हसू आहे. लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या बुद्धीने, आपल्या वेळेला. आपल्या घरातल्या माणसाला तेवढी सवड द्यावी, त्याच्या उशाशी वचनाची कार्डं ठेवत बसू नये.

धीर हा मुख्यतः मनःस्थितीचा प्रश्न आहे असं आपण धरून चालतो, तिथे मला पंडिता रमाबाईंची आठवण येते. ऐन तारुण्यात दुष्काळात आई-वडील गेले, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो दुष्काळग्रस्त मुली आणि विधवांचा संसार चालवता चालवता त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं, तिथल्या बायकांच्या हातांनी. त्या दिवसांत त्यांना आतून काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही. रोजचं पान मात्र पुढे सरकत होतं. आपल्यालाही कुठल्याच वचनाने काही न वाटण्याचे दिवस येतील. त्या दिवशी एक स्तोत्र वाचा आणि आपल्या कामाला लागा. वाटण्याची वाट बघू नका.

शेवटी, दुसऱ्याला धीर देण्याबद्दल. यात आपण ख्रिस्ती माणसं हमखास घसरतो, कारण आपल्याला वचनं पाठ असतात. ईयोबाचे तीन मित्र आधी फार चांगले वागले: सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावर रागावला, रडणाऱ्या-भांडणाऱ्या ईयोबावर नाही. तरुण मुलगा गेलेल्या घरात पहिल्या तासाला "देवाला तो प्रिय होता" असं म्हणू नका. "सगळं भल्यासाठीच होतं" हे वचन खरं असेल, पण ते त्या बाईने स्वतः म्हणायचं आहे, कदाचित पाच वर्षांनी. लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोघे खचून निघालेले असतात. येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि विचारतो, तुम्ही कशाबद्दल बोलताय? त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी त्याने त्यांना सगळी हकीकत सांगू दिली. शास्त्र उलगडून सांगणं त्यानंतर आलं आणि त्यानंतर संध्याकाळचं जेवण.

दुःखाच्या घरी पहिल्या आठवड्यात सगळेच जातात, बसायला खुर्च्या पुरत नाहीत. तुम्ही दुसऱ्या महिन्यात जा, पाहुणे पांगलेले असतात आणि बँकेचे, वारसाचे कागद टेबलावर पडलेले असतात तेव्हा. ते कागद भरायला मदत करा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, ते टाळू नका. प्रार्थना करू का, असं विचारून मगच करा आणि दोन मिनिटांत आटपा. जायच्या आधी फोन करा, डब्यात काहीतरी साधं न्या, आणि डबा परत मागायला जाऊ नका.